पंपाची जाळी

श्रेणिककाकांची गाडी काळा धूर सोडत मिरज रोडवरच्या गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मोहसीन दुसऱ्या एका गाडीखाली आडवा झालेला होता. तो तिथून हललाच नाही. खरं सांगायचं तर त्या गाडीखालचं काम कधीच संपलं होतं. पण काकांच्या इंजिनाचा आवाज त्यानं ओळखला होता, आणि ज्या माणसाला सहा महिने चुकवलं त्याच्यासमोर उभं राहायचं कसं?

गाडीखालून त्याला काकांचे पांढरे कापडी बूट दिसले. काका जैन, हळदीचे जुने व्यापारी; कातडं पायात घालत नसत. बूट दाराशी थांबले. दारातल्या स्टुलावर मोहसीनचे अब्बा बसले होते. महंमदमिस्त्री म्हणजे एकेकाळी सांगलीतला नावाजलेला हात, आता त्या हातात पाना ठरत नव्हता.

"मोहसीन हाय का?" काकांनी विचारलं.

"हाय की. गाडीखाली लपलाय," अब्बा म्हणाले. म्हाताऱ्याला कमी दिसत होतं, पण दिसायचं तेवढं बरोबर दिसत होतं.

तर झालं होतं असं. फेब्रुवारीत काका हीच वीस वर्षांची पेट्रोल गाडी घेऊन आले होते. सपाटीला बरी पळायची, चढ आला की दम टाकायची. "दंडोबाच्या डोंगराच्या चढाला मला एका म्हाताऱ्या लुनानं मागं टाकलं रं," काका हसत म्हणाले होते. मग त्यांनीच विचारलं, "ते पेट्रोलचा मोठा पंप, मोठं इंजेक्टर लोक बसवत्यात म्हणं. त्याचा उपयोग हुतो का?"

याला सरळ उत्तर होतं. कंपनीच्या साध्या इंजिनाला त्याचा काडीचा उपयोग नाही. भूक भाकरीची असताना पुढ्यात परात ठेवून ताकद वाढत नाही. हे मोहसीनला चांगलं माहीत होतं. पण हा पठ्ठ्या दोन वर्षं पुण्यात शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या गॅरेजात राहून आलेला. सांगलीत येऊन रोज ब्रेक आवळायचे आणि ऑइल बदलायचं, याचा त्याला कंटाळा आला होता. त्याला हे पंप-इंजेक्टरचं किट बसवायचं होतं, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ टाकायचा होता, आणि त्यासाठी एक गाडी हवी होती. काकांची गाडी आयती दारात आली.

"हुतो की काका. हंड्रेड पर्सेंट," तो म्हणाला.

"आधी पंपाची जाळी बघ," अब्बा स्टुलावरून म्हणाले होते. मोहसीननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जाळी त्यानं बघितलीच, बघावी लागली. जुना पंप टाकीतून बाहेर काढला तेव्हा त्याच्या तोंडाची जाळी गाळानं काळीकुट्ट झालेली होती. पेट्रोल पुढं जाणार कुठून? पंप ठणठणीत, इंजेक्टर ठणठणीत. जाळी धुवायची, टाकी साफ करायची, की गाडी हसत चढ चढली असती. त्या क्षणी सगळं समजलं होतं त्याला. पण समोर स्टँडवर मोबाईल चालू होता, नवा पंप खोक्यातून निघालेला होता. त्यानं जुना पंप जाळीसकट, इंजेक्टरसकट कागदात गुंडाळला, वरच्या फळीवर टाकला आणि मोबाईलकडं बघून हसला. व्हिडिओ झकास चालला. 'भाऊ, खरंच उपयोग होतो का?' असं खाली कितीजणांनी विचारलं, आणि यानं प्रत्येकाला तेच उत्तर दिलं: हंड्रेड पर्सेंट.

मार्चमध्ये एका दुपारी काकांचा फोन आला. गाडी पसरणीच्या घाटात बंद पडली होती. वाईपर्यंत कशीबशी आली, चढ लागला आणि काळा धूर सोडून गपकन थांबली. "पाचगणीला आक्काकडं निघालोय. लवकर पोचायचंय रं," काका म्हणाले. मोठ्या इंजेक्टरमधून नको तेवढं पेट्रोल जाऊन प्लग भिजलेत, हे मोहसीनला इथं बसून कळलं. ते बोललं तर का भिजले तेही बोलावं लागलं असतं. म्हणून तो म्हणाला, "गरम झाली असंल. थांबून थांबून रेस देत ऱ्हावा." आगीत तेल ओतणं म्हणजे काय, ते याहून वेगळं नसतं. गाडी बंद पडली त्याच दिवशी काकांची थोरली बहीण, ही आक्का, वारल्याचं आठ दिवसांनी त्याच्या कानावर आलं. तेव्हापासून काकांची गल्ली लागली की तो मोटरसायकल दुसरीकडून काढायचा.

आता मात्र गाडीखालून निघणं भाग होतं. तो निघाला, उभा राहिला, आणि फडक्याला हात पुसत राहिला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला.

काकांनी दोन्ही हात जोडले. वाकून म्हणाले, "उत्तम क्षमा."

मोहसीन दचकून मागं सरला. आज क्षमावाणी. पर्युषण संपलं की जैन माणसं दारोदार जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. शेजारची प्रभावतीकाकू दरवर्षी अम्मीपुढं हात जोडायची. पण हे हात त्याच्यापुढं जोडले जावेत?

"आवं काका, हे काय करताय?"

"ऐक. सहा महिने मी तुला मनात शिव्या घातल्यात," काका म्हणाले. "नुसत्या मनात न्हाई, देवळातबी चारचौघांत बोललो, मोहसीनच्या हाताला गुण न्हाई म्हणून. आक्काच्या लेकीनं, रूपालीनं जातीभाईर लगीन केलं तवा मी अकरा वर्सं आक्काचं दार बंद केलं हुतं. तिनं अंथरुणावरनं निरोप धाडला, आता ये म्हणून. माफी मागाय निघालो हुतो. घाटात दोन तास गेले. शेवटी स्ट्रॉबेरीच्या एका पिकअपवाल्यानं वर नेलं. पोचलो तवा आक्का नुकतीच गेली हुती. रूपाली म्हणाली, सारखी विचारत हुती, श्रेणिक आला का."

मोहसीनची मान वर होईना.

"मग राग कुणावर काढायचा? तुझ्यावर काढला. पण चूक माझीच. अकरा वर्सं दवडली मी, आन् दोन तासाचं खापर तुझ्यावर फोडलं. तू सांगितल्यालं रेस द्यायचंबी मला नीट जमलं नसंल. देवळात ज्यांना बोललो त्यांना भेटून सांगितलंय, पोरगं चांगलं हाय. पुतण्याला, गोमटेशलाबी म्हणलं, तुला किट बसवायचं असंल तर मोहसीनकडंच जा."

काकांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मोहसीननं आनंदानं ऐकून घेतल्या असत्या. गप्प राहायची वाट काकांनी स्वतः झाडून मोकळी करून दिली होती. नुसतं 'असू द्या काका' म्हटलं की संपलं. नाव राहिलं असतं, गोमटेशही आला असता. त्यानं स्टुलाकडं बघितलं. अब्बा वरच्या फळीकडं बघत होते.

मोहसीननं खोक्यावर चढून कागदाची गुंडाळी खाली काढली आणि उलगडून काकांच्या पुढं धरली.

"हा तुमचा जुना पंप. ह्याला काय झालं नव्हतं, काका. ही जाळी तेवढी चोंदली हुती. मला त्याच दिवशी दिसली. मी बोललो न्हाई. मला किट बसवायचं हुतं. घाटात गाडी माझ्यामुळं बंद पडली. आन् फोनवर मी खोटं बोललो."

काकांनी जाळीला बोट लावलं. बोट काळं झालं. ते त्यांनी कागदाला पुसलं. मग म्हणाले, "हा बसवून दे."

मोहसीननं जाळी धुतली, टाकी साफ केली, जुना पंप नि जुने इंजेक्टर परत बसवले, प्लग नवे घातले. काका तोवर अब्बांच्या शेजारी बसून होते.

मग काका म्हणाले, "गाडीत बस." गाडी त्यांनी थेट दंडोबाला घातली. अवघड वळणाला मोहसीननं श्वास धरला. गाडीनं धरला नाही. ना धूर, ना धाप. मुकाट वरपर्यंत चढली. ती एकदा तरी अडखळावी, म्हणजे थोडा तरी दोष गाडीचा ठरेल, असं मोहसीनला मनापासून वाटत होतं.

वर पोचल्यावर काकांनी इंजिन बंद केलं.

"जाळी धुवाय किती वेळ लागला रं?"

"वीस मिन्टं."

काकांनी मान हलवली. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. नाव बघून त्यांनी तो मोहसीनच्या हातात दिला. "गोमटेश हाय. किटचं इचारंल. तूच सांग."

"उपयोग न्हाई," मोहसीन फोनमध्ये म्हणाला. "गाडी आण. आधी जाळी बघू." फोन परत देताना तो म्हणाला, "माफ करा काका. मला माफ करा."

काका समोरच्या काचेतून खालचा रस्ता बघत होते.

"माझी माफी तुला दिली," ते म्हणाले. "आज न्हाई म्हणता येत न्हाई. पर मला आक्काकडं मागायची हुती, त्याचं काय करू?"

काकांनी चावी फिरवली, आणि गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली.