खडूची फुली

कारखान्याचा दाखला फुलीबाईंनी तीनदा वाचला. एकदा घरी खिडकीपाशी उजेडात, एकदा जिना उतरताना, आणि तिसऱ्यांदा बेकारी भत्त्याच्या कचेरीत, लोखंडी बाकावर बसून. मग त्यांनी पर्समधून चपटा निळा खडू काढला आणि दाखल्याच्या चौथ्या ओळीतल्या एका शब्दावर बारीकशी फुली मारली.

"अगं वहिनी, तो कागद खिडकीत द्यायचाय," शेजारी बसलेल्या वन्सं म्हणाल्या. "त्यावर चित्रं काय काढतेस?"

वन्सं म्हणजे फुलीबाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. कचेऱ्यांच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द अखेरचा. नवरा गेल्यावर स्वतःचं विधवा पेन्शन त्यांनी नऊ खेपा घालून पदरात पाडून घेतलं होतं, आणि त्या नऊ खेपांचा रुबाब त्यांना अजून पुरत होता.

"चूक आहे," फुलीबाई म्हणाल्या. "पद मदतनीस लिहिलंय. मी तपासनीस होते."

"अगं, आता दोन्हीही नाहीस. सही कर आणि मोकळी हो. माझ्या कागदावर त्यांनी काय काय लिहिलंय, मी कधी भांडत बसले का?"

शर्टांच्या कारखान्यातल्या बावीस वर्षांपैकी एकवीस वर्षं फुलीबाईंनी तयार माल तपासला होता. कॉलर वाकडी, शिवण सुटलेली, काजं मागेपुढे, जे काही असेल तिथे खडूची फुली. त्यावरून नाव पडलं फुलीबाई, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या पाकिटावरसुद्धा एकदा चुकून तेच लिहिलं गेलं. कामाला लागल्या त्या एकोणिसाव्या वर्षी, मदतनीस म्हणून. वर्षभरातच जुन्या मालकांनी त्यांची नजर पाहिली आणि म्हणाले, आजपासून तू तपासायला बस. त्या बसल्या. पगार वाढला तो कागदावर वाढला. बढती मात्र झाली ती तोंडी, आणि तोंडीच राहिली. बावीस वर्षांत हा एक दोष त्यांच्या नजरेतून निसटला, कारण तो शर्टावर नव्हता.

मग कारखान्यात कॅमेऱ्याने शर्ट तपासणारं यंत्र आलं आणि चार तपासनिसांना घरी बसवलं. नोकरी गेल्यापासून तीस दिवसांच्या आत भत्त्याचा अर्ज करायचा, असा नियम. दाखला द्यायलाच कारखान्याच्या हिशेबनिसांनी सत्तावीस दिवस लावले. आज अठ्ठाविसावा.

खिडकीतला कारकून तरुण होता. बोलणं सरळ, पण मान वर करायची सवय नव्हती. त्याने अर्ज पाहिला, दाखला पाहिला, पुन्हा अर्ज पाहिला.

"अर्जात तपासनीस, दाखल्यात मदतनीस. जुळत नाही. आणि ताई, दाखल्यावर खाडाखोड चालत नाही."

"खाडाखोड नाही, साहेब." फुलीबाईंनी खिडकीतून हात घालून बोटाने फुली झटकली. कागद कोरा करकरीत झाला. "आमच्यात चूक दाखवायची असते, कापड खराब करायचं नसतं."

आता मात्र कारकुनाने मान वर केली.

"हे बघा. अर्जातही मदतनीस लिहा, मी आत्ता शिक्का मारतो. पुढच्या आठवड्यात भत्ता सुरू. नाहीतर दाखला बदलून आणा. परवा चार वाजता खिडकी बंद झाली की तुमची मुदत संपली. मग काहीच मिळणार नाही."

"आणि मदतनीस लिहिलं, तर पुढे कामं कुठली सुचवाल?"

"पदाप्रमाणेच. खोकी उचलणं, साफसफाई. दोनदा नको म्हणालात की भत्ता बंद."

"ऐक माझं," वन्संनी मागून कोपर टोचलं. "आधी भत्ता घे. मग घरी बसून हवं तेवढं रुस."

"वन्सं, शर्ट एकदा पास होऊन खोक्यात गेला, की मग त्याला कोणी उघडून बघत नाही." फुलीबाईंनी दोन्ही कागद उचलले. जाता जाता त्या थांबल्या. "साहेब, डाव्या बाहीचं बटण तेवढं शिवून घ्या. दोन दिवसांत जाईल."

कारकुनाने नकळत बाही मुठीत धरली.

दुपारी दोघी कारखान्यात पोचल्या. वाटेत वन्संनी तीन वेळा सांगितलं की आपण फक्त सोबत आलो आहोत आणि आपलं मत वेगळं आहे. हिशेबनीस डबा संपवून बडीशेप चघळत बसले होते. माणूस वाईट नव्हता. फक्त कागदापलीकडचं जग आपल्यावर लादू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती.

"बाई, माझ्या दफ्तरात तुम्ही मदतनीस आहात," ते म्हणाले. "दफ्तरात नाही ते मी कसं लिहू? उद्या चौघी याल, म्हणाल आम्हाला मॅनेजर लिहा."

"दफ्तराबाहेरचं नकोच मला. नापास वही काढा."

नापास वही म्हणजे नाकारलेल्या शर्टांची नोंद. तारीख, दोष, कारण, सही. अशा एकोणीस वह्या मागच्या कपाटात होत्या. हिशेबनिसांनी वरची एक ओढली. फुलीबाईंनी ती उघडली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. वर छापलेलं होतं, 'तपासनिसाची सही'. खाली पानभर एकच सही.

"ही कोणाची?"

"तुमची."

"आणि बाहेर खोक्यांवर काय छापता? 'प्रत्येक नग तपासनिसाने तपासलेला.' माझ्या पाळीला दुसरं कोणी तपासनीस होतं का?"

हिशेबनिसांचं बडीशेप चघळणं थांबलं.

"मी मदतनीस असेन, तर त्या पाळीचा माल एकवीस वर्षं न तपासता गेला," फुलीबाई शांतपणे म्हणाल्या. शर्टाची शिवण दाखवताना असायचा तोच आवाज. "तसं लिहून द्या. नाहीतर मी तपासनीस होते असं लिहून द्या. दोन्हीतलं जे खरं असेल ते घेऊन जाते, माझी काही तक्रार नाही."

वन्सं इतका वेळ भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या. आता त्या हिशेबनिसांकडे बघायला लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांचं मत वेगळं आहे असं काही वाटेना.

हिशेबनीस वही घेऊन आतल्या खोलीत गेले. दाराआडून जुन्या मालकांच्या भाच्याचा, म्हणजे आताच्या मालकांचा, चढा आवाज आला, मग हिशेबनिसांचा उतरता, मग वहीची पानं उलटल्याचा. बाहेर आल्यावर ते मुकाट्याने टाइप करायला बसले.

"खरं सांगू का बाई," कागद पुढे सरकवत ते म्हणाले, "तुम्हाला काढायला नको होतं."

"खरं असेल तर तेही घाला त्यात."

ते हसले, पण घातलं नाही. फुलीबाईंनी दाखला खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, वरून खाली आणि खालून वर वाचला. मग खडू काढला.

"आता काय राहिलं?" हिशेबनीस कळवळून म्हणाले.

"एकवीस वर्षं लिहिलीत. मी तपासायला एक वर्ष उशिरा बसले म्हणून ते वर्ष कापलंत, तर मग मदतनीस म्हणून एक वर्ष वेगळं दाखवा. मदतनीस होते तेव्हा मदतनीसच होते, मला त्याची लाज नाही. पण एकूण बावीस, आणि त्यांतली एकवीस तपासनीस. नापास वहीतली माझी सहीसुद्धा त्याच वर्षापासून आहे."

हिशेबनिसांनी दाखला तिसऱ्यांदा टाइप केला. दारापर्यंत पोचवायलाही आले, जे ते बड्या गिऱ्हाइकांसाठीच करायचे.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, ओळ न् ओळ जुळवली आणि शिक्का हाणला. हाणताना डावी बाही वर गेली. बटणाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता.

"दोन दिवस म्हणाला होतात," तो म्हणाला. "एकातच गेलं."

"माझा अंदाज चुकला," फुलीबाईंनी मान्य केलं.

त्याने पोचपावती दिली. फुलीबाई तिथेच उभ्या राहून ती वाचायला लागल्या. मागे रांगेत कोणीतरी घसा खाकरला. फुलीबाईंनी घाई केली नाही. तारीख, क्रमांक, पद. पदाच्या पुढे 'तपासनीस', नीट, सरळ, कुठेही शिवण न सुटलेलं. कोणी मायेने दिलेलं नव्हतं ते. होतं तेवढंच, जागच्या जागी. त्यांनी पावतीची घडी घातली.

"पास," त्या म्हणाल्या.

बाहेर पायऱ्यांवर वन्सं थबकल्या आणि फुलीबाईंना घेऊन खाली टेकल्या. पिशवीत हात घालून त्यांनी प्लास्टिकच्या कव्हरातला एक जुना कागद काढला. तो आज सकाळीच आठवणीने पिशवीत टाकला असणार, कारण असा कागद कोणी बाजारहाटाला घेऊन फिरत नाही.

"हे जरा बघ. माझं पेन्शनचं."

फुलीबाईंनी पाहिलं. 'व्यवसाय' असं छापलं होतं, आणि पुढे हाताने लिहिलं होतं, 'काही नाही'.

सायकल दुरुस्तीचं दुकान होतं वन्संकडे. पाटीवर नाव नवऱ्याचं, पण अठरा वर्षं चाकं सरळ केली ती वन्संनी. त्यांच्या बोटांच्या पेरांतलं काळं ग्रीस अजून पुरतं गेलेलं नव्हतं.

"वन्सं, तुम्ही तर म्हणायचात, वाचून कोणाचं भलं झालंय."

"म्हणायचे. नऊ वर्षं रोज वाचतेय." वन्सं रस्त्याकडे बघत होत्या. "पैसा एक वाढणार नाही, ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग काय मग. खडू आण इकडे."

फुलीबाईंनी खडू दिला. वन्संनी कागद गुडघ्यावर ठेवला, स्पोक बसवताना डोळा बारीक करायच्या तसा केला, आणि 'काही नाही' वर चांगली ठसठशीत फुली मारली. दोघी उठल्या आणि पुन्हा आत जाऊन त्याच कचेरीतल्या पेन्शनच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या राहिल्या.