डफ दारी थांबला नाही

मित्रांनो, मी सागवानाची एक जुनी ढाल आहे. लढाई मी कधी पाहिली नाही. दिग्रसजवळच्या एका तांड्यातल्या युवक मंडळाची मी फिरती ढाल. घाटंजीच्या एका सुताराने मला तासले, घासले आणि माझ्या छातीवर पितळी पट्ट्यांसाठी जागा सोडली. वर्षभर जो कोणी दुसऱ्यांच्या उपयोगी पडे, त्याचे नाव स्नेहसंमेलनात त्या पट्टीवर झळके आणि मी वर्षभर त्याच्या घरी राहायला जाई.

आमच्या मंडळाची एक रीत होती. पुढच्या संमेलनाच्या सकाळी सगळी पोरे डफ वाजवत मला न्यायला येत. घरची बाई मला कुंकू लावी, पोरांच्या हातावर गूळ ठेवी, मगच मी निघे. एका घरात माझ्यावर टोप्या टांगत, दुसऱ्या घरात माझ्यामागे पालीने अंडी घातली. पण त्या सकाळी मात्र मला सगळेच मायेने पुसत.

मागच्या वर्षी मी जीवनच्या घरी आले. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेणारा तो हाच. त्याची आई सोनीबाई म्हणाली, "घरात पाणी भरत नाही अन् गावाचा श्रावणबाळ झाला."

"ढाल भेटली ना याडी, आता तुह्या माराचं भेव नाही," जीवन हसला. तांड्यात आईला याडी म्हणतात.

पावसाळ्यात तुरीच्या शेतात जीवनला साप चावला. त्या दिवशी त्याला दवाखान्यात न्यायला कोणीच वेळेवर पोचले नाही.

मग सोनीबाई मला रोज पुसू लागली. जीवनच्या नावावर तिचे बोट थांबे. संमेलनाच्या आदल्या दिवशी ती शेजारच्या बिजलीबाईला म्हणाली, "उद्या पोट्टे येतीन. जीवनच्या हातानं द्याची होती. आता त्याच्यासाठी मीच देईन."

सकाळी तिने अंगण सारवले, गूळ फोडला आणि मला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. डफ ऐकू आला. जवळ आला. आमच्या वळणावर तो एकाएकी बंद पडला. पोरे मुकाट्याने पुढे गेली आणि पार देवळापाशी डफ पुन्हा वाजू लागला. ऊन डोक्यावर आले तरी सोनीबाई तिथेच होती. गुळाला मुंग्या लागल्या.

संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष राजकुमार पेढे घेऊन आला. यंदा नवा चषक आणला, तो तांड्यातल्याच ममताला मिळाला, हे त्याने मान खाली घालून सांगितले.

"काहून नाही आले रे?" सोनीबाईने विचारले.

"तुले तरास होईन म्हणून, याडी. ढाल नेली असती त तू रडली असती."

"रडलीच असती. पण तुमच्या संगं रडली असती."

राजकुमारने डोळे पुसले आणि मला घ्यायला हात पुढे केले.

"अशी नाही जात ते," सोनीबाई म्हणाली. तिने मला पुन्हा खुंटीवर अडकवले.

मी अजून तिथेच आहे. जीवनच्या नावाखालची पट्टी कोरी आहे. मित्रांनो, ज्या घरात दुःख झाले आहे, त्या घरावरून त्रास नको म्हणून मुकाट्याने जाऊ नका. डफ वाजवत या. सोनीबाई पुन्हा गूळ फोडील.