शेजारच्या दुधाचा चहा

सहादेवाच्या दावणीला अकरा जनावरं होती आणि त्याचा त्याला भारी तोरा. गावचा माळ बोडका झाला होता. पवन्या, मारवेल ही चांगली गवतं कधीच संपून नुसतं कुसळ उरलं होतं. तरी निम्मा माळ चराईला बंद करायचा विषय ग्रामसभेत निघाला, की हा पहिला उठायचा.

"गायरान समद्यांचं हाय! माझ्या जनावरांनी काय माती खावी?"

त्या आवाजापुढं ठराव बारगळायचा.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या त्या गावी संगमनेरकडचे पाहुणे घर बघायला आले. सहादेवाच्या मुलासाठी, कानिफसाठी, मुलगी सांगून आली होती. मुलीचे वडील होते, सोबत त्यांची थोरली बहीण साळूबाई. सहादेवानं त्यांना आधी गोठ्यातच नेलं.

"मोजून घ्या पाव्हनं!"

साळूबाईंनी मोजलं नाही. एका गाईच्या बरगड्यांवरून हात फिरवला. पलीकडं वासरू कासेला ढुशा देत होतं. काही येईना, की आईच्या तोंडाकडं बघायचं, पुन्हा ढुशी द्यायचं.

तेवढ्यात मागच्या दारी शेजारची मुक्ताबाई तांब्या घेऊन आली. हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. सहादेवाच्या बायकोला तिनं हाक दिली, "रंगुवैनी, चहाला दूध घ्या! आनखी लागलं तर हाक मारा!"

सहादेवाची कानशिलं तापली. ह्याच मुक्ताबाईला तो 'दोन शेपटांची मालकीन' म्हणून हिणवायचा! तिच्या दोन गाई कधी माळावर गेल्या नाहीत. बांधावरचं गवत ती कापून आणून घालायची.

साळूबाई हळूच म्हणाल्या, "दादा, आमचा माळ बी असाच हुता. जो तो म्हनायचा, माझ्या एका गाईनं काय हुतंय? गवतानं डोकं वर काढायच्या आत खुडलं, तर बी कुठनं पडायचं? चार भाकरींवर चौदा तोंडं बसवली, की समदीच उपाशी उठत्यात. आमी जनावरं कमी केली, माळ राखला. बी झडल्यावर गवत कापून आनतो."

"पन लोक काय म्हनतील? सहादेवाचा गोठा मोकळा झाला!"

"आन् आत्ता काय म्हनत्यात?"

वासरू येऊन त्याचीच बोटं चोखू लागलं. अरेरे! ह्या मुक्या जिवाचा घास आपल्याच मोठेपणानं काढून घेतला!

"सोयरिकीचं मागाहून बघू," साळूबाई उठत म्हणाल्या. "आधी ह्या लेकराचं बघा."

पाहुण्यांनी चहा घेतला; सहादेवानं आपला कप तसाच खाली ठेवला.

पुढच्या ग्रामसभेत तो उठला, तसं कुणीतरी पुटपुटलं, "झालं, लागला बाजा वाजायला!"

"निम्मा माळ बंद करा," सहादेव खाली मान घालून म्हणाला. "माझी सात जनावरं मी कमी करतो. लई बोललो आजवर. आता बोलाय तोंड न्हाई मला." आणि तो खाली बसला.

ही बातमी संगमनेरकडं पोचली आणि तिकडून होकार आला. दोन पावसाळ्यांनी राखल्या माळावर पवन्या गुडघ्याला लागला. नव्या सुनेनं घरच्या दुधाचा पहिला तांब्या भरला, तो सहादेवानं स्वतः मुक्ताबाईच्या दारी नेऊन दिला.

वाचकहो, माळाला 'आता पुरे' म्हणता येत नाही. त्याच्या वतीनं ते आपणच म्हणायचं असतं. दावणीला जनावरं किती, यात कसली प्रतिष्ठा? त्यातली पोटभर जेवून किती निजतात, ते बघावं!