जकातघरासमोरचा थांबा

“पोरीचं नाव काय?”

धक्क्यावरच्या आइस्क्रीमवाल्याने दुसऱ्यांदा विचारलं. ड्रायव्हरच्या खांद्यावर ती लहानगी हातपाय झाडत रडत होती.

“चिमणी,” ड्रायव्हर म्हणाला.

“सगळ्याच पोरी चिमण्या! खरं नाव सांग.”

खरं नाव त्याला ठाऊक नव्हतं. भाड्याच्या गाड्या चालवता चालवता केस पिकले, पण प्रवाशाचं नाव त्याने कधी विचारलं नाही. गाडी शिकवणाऱ्या उस्तादाची शिकवणच तशी होती: नाव कळलं की माणूस मनात ठाण मांडतो, आणि दुसऱ्या दिवशीचं भाडं जड जातं. हे कुटुंब कालपासून त्याच्या गाडीत होतं. नवराबायकोला तो ‘साहेब’, ‘ताई’ म्हणे. आई पोरीला ज्या नावाने हाक मारायची, तेवढंच त्याला माहीत.

“आईबाप लाँचने नदीपलीकडच्या किल्ल्यावर गेलेत,” तो म्हणाला. “ही गाडीत झोपली होती, म्हणून माझ्यावर सोपवून गेले. उठली नि आईचा धोशा लावला. म्हटलं, धक्क्यावरून लाँच तरी दाखवू.”

“बापाला फोन लाव.”

त्याने लावला. साहेबांचा फोन वरच्या रस्त्यावर, गाडीतच चार्जिंगला होता. तो तिथेच वाजत राहिला.

“उचलत नाही म्हणे!” जुन्या जकातघराच्या पायरीवर फोटो काढत बसलेली बाई उठली. “अहो, परवाच मेसेज आला होता ना, पोरं पळवणाऱ्या टोळीचा?”

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. पहिला फटका कानावर बसला. दोघांनी पोरीचा पाय धरून ओढला. ती किंचाळली. खाली शेवाळलेल्या पायऱ्या होत्या, त्याखाली पाणी. या झटापटीत पोर हातातून सुटली तर थेट नदीत जाईल, एवढं त्याला दिसलं. तो तिथल्या तिथे खाली बसला, तिला पोटाशी घेतलं आणि वरून वाकला.

“पोरीला लागेल हो! मला मारा, पण तिला लागेल!”

“बघा, सोडतोय का बघा! चोर नाही तर कोण हा?”

जितकं घट्ट धरलं, तितका तो चोर ठरत गेला. लाथा बरगड्यांवर बसल्या. कुणीतरी लाँच बांधायचा ओला दोर आणला आणि तो पाठीवर ओढला. दुकानदार गल्ला उघडा टाकून आले. एकाने केस धरून त्याचं डोकं मागे खेचलं आणि तोंडावर गुडघा हाणला. दात तुटला, तो त्याने थुंकून टाकला आणि पुन्हा हनुवटी पोरीच्या डोक्यावर टेकवली. खालून फक्त तिचं रडणं ऐकू येत होतं.

किल्ल्यावरून परतलेली लाँच धक्क्याला लागायच्या आधीच ताईंनी उडी मारली.

“काका! अहो, काय करताय? आमचे ड्रायव्हर आहेत ते!”

दोर थांबला.

“मग आधी सांगायचं ना!” आइस्क्रीमवाला म्हणाला.

“सांगत होते की ते,” गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं. कोण ते कळलं नाही, कारण गर्दी तोवर पांगू लागली होती. ज्याने गुडघा हाणला होता, त्याने लांब उडालेली ड्रायव्हरची चप्पल उचलून आणली आणि त्याच्या पायाजवळ नीट ठेवली.

साहेबांनी त्याची बोटं एकेक करून सैल केली, तेव्हा पोर बाहेर आली. ताईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. ओरखडासुद्धा नव्हता. फ्रॉकवर रक्त होतं, ते त्याचं.

“दवाखान्यात जाऊ आधी. गाडी मी घेतो,” साहेब म्हणाले.

ड्रायव्हर भिंतीला धरून उठला. आईच्या कडेवरून पोरीने त्याला पाहिलं. हुंदके देतच ती पुढे झुकली आणि तिने त्याच्याकडे दोन्ही हात पसरले.

धक्क्यावर अजून काही माणसं उभी होती. ड्रायव्हरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

“ताई, तुमच्याकडेच राहू द्या तिला,” तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.