बेपत्ता पाट्या

आमच्या कारखान्यात पंप बनतात आणि प्रत्येक पंपावर एक पितळी पाटी बसते. त्या पाटीवर सीरियल नंबर कोरणाऱ्या सीएनसी मशीनचा प्रोग्रॅम माझा. मशीन चालवतात माझे सासरे. घरी मी ‘अगं’ आणि मशीनपाशी ‘प्रोग्रॅमरबाई, तुम्ही’. एकतीस वर्षं एकाच कारखान्यात काढलेल्या माणसाचे एवढे नखरे चालवून घ्यावेच लागतात.

मी अजून कच्च्या नोकरीवर होते. हा माझा पहिलाच प्रोग्रॅम, आणि तो मशीनवर चढल्यापासून आठ दिवसांत आठ नंबर गळाले. रोज एक, ना कमी ना जास्त. काल शेवटची पाटी ११४७, तर आज पहिली ११४९. गिऱ्हाइकाचा तपासनीस यादीवर बोट ठेवून विचारायचा, मधल्या पाट्या कुठे आहेत. कुणीतरी त्या चोरून नकली पंपांवर लावतोय असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मालकांनी मला शुक्रवारपर्यंत मुदत दिली. दोष सापडला नाही तर बाहेरून प्रोग्रॅमर येणार आणि मी घरी बसणार.

प्रोग्रॅम अगदी सरळ होता: नंबर घे, कोर, एकाने वाढव. मी तो संगणकावर पन्नास वेळा चालवून पाहिला, एकदाही चुकला नाही. मशीन बंद केल्यावर आकडा विसरत असेल म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने नेहमीप्रमाणे सगळा दोष अर्थिंगवर टाकला. भंगाराचं पिंप उपसलं, त्यात कुणाची तरी हरवलेली चप्पल निघाली. सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले की आपण पाटी लावतो आणि बटण दाबतो, यात चुकायला जागाच नाही. वर रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की प्रोग्रॅममध्येच कुठेतरी पाणी मुरतंय. माझा नुसता तिळपापड झाला. नवरा आम्हा दोघांच्या मध्ये बसला होता. तोंड भरलेलं राहावं म्हणून त्याने तीनदा भात घेतला.

आठव्या दिवशी, गुरुवारी, माझी ट्यूब पेटली. नंबर गळतो तो दिवसाच्या सुरुवातीलाच. सासरे सातला मशीन सुरू करतात आणि मी जाते नऊला. शुक्रवारी सकाळी मी न विचारताच त्यांच्या स्कूटरवर मागे बसले.

कारखान्यात त्यांनी मशीन पुसलं, दार लावलं आणि टूल चार बोटं वर उचललं. खाली पाटीच नव्हती. तरी बटण दाबलं. टूलने मोठ्या गंभीरपणे हवेत सगळा नंबर कोरला आणि काउंटर एकाने पुढे सरकला. मग टूल खाली घेऊन, पाटी लावून सासरे समाधानाने वळले.

“हे काय होतं, बाबा?”

“हे काही नाही. रंगीत तालीम.”

पितळ कुठलं आणि हवा कुठली, हे प्रोग्रॅमला काय कळणार. त्याने बिचाऱ्याने इमानदारीत मोजलं होतं. आठाचे आता नऊ झाले होते. मी मात्र तोंडाचा पट्टा सोडला. झोप उडाली माझी, नोकरी जायची वेळ आली, आणि तुमचा माझ्यावर इतका अविश्वास? एकतीस वर्षं रोज अशीच तालीम केलीत का?

ते फडक्याला हात पुसत राहिले.

“आधी नव्हतो करत. तुझा पहिलाच प्रोग्रॅम. एखादी पाटी बिघडली असती तर सगळ्यांनी तुझं नाव घेतलं असतं. म्हणून आधी हवेत बघायचो.”

मला राग धरून ठेवायचा होता, पण तो हातातून सुटला आणि डोळे भरून आले. तेवढ्यात ते मालकांच्या केबिनकडे निघालेसुद्धा.

मी पोचेपर्यंत चुकांचं रजिस्टर उघडलेलं होतं. एकतीस वर्षांत त्यात त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. आता त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: नऊ नंबर हवेत कोरले, चूक माझी. मुदतीचा दिवस म्हणून मालकांसोबत सकाळीच येऊन बसलेला तपासनीस ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. चोराऐवजी हवा निघाल्याने तो हिरमुसला होता.

मालकांनी मला विचारलं, हे खरं आहे का. मला सासऱ्यांना एकट्याला तिथे उभं ठेवणं जमेना. मी म्हटलं, “माझ्याही प्रोग्रॅममध्ये एक ओळ कमी पडली.”

“ती खोटं बोलतेय, साहेब,” सासरे म्हणाले. “एकही ओळ कमी नाही. नऊ दिवस प्रोग्रॅम बघितलाय मी.”