तिसऱ्या मजल्यावरची चैत्रगौर

आमच्या वसाहतीत वसंत ऋतूचे आगमन प्रथम कोठे दृष्टीस पडते, असे कोणी मला विचारले, तर मी कडुनिंबाच्या मोहोराकडे बोट न दाखवता राम मंदिराशेजारच्या फलकाकडे दाखवीन. फाल्गुन सरत आला की त्या काळ्या फळ्यावर जागा पुरेनाशी होते. यंदाही तसेच झाले. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीत गवसलेली डाव्या पायाची एक चप्पल मंदिराच्या पायरीवर ठेवली आहे, ज्यांची असेल त्यांनी न्यावी. श्री. दिवाकर यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, भेटावयास जाणाऱ्यांनी जिना चढून थकल्याचे त्यांच्यासमोर बोलू नये. गच्चीवर पापड वाळत आहेत, कबुतरांकडे लक्ष द्यावे. गुढीपाडव्याचा कडुनिंबाचा प्रसाद सकाळी मिळेल.

हा मजकूर मी लिहितो. इंदूरच्या पोलोग्राउंड भागातील एका कारखान्यात लेथवर माझी उमेदीची वर्षे खर्च झाली. शाळा आठवीत सुटली, परंतु अक्षर वळणदार राहिले. म्हणून निवृत्तीनंतर मंडळाने खडूची पेटी माझ्या स्वाधीन केली. तेव्हापासून वसाहतीतील कोणतीही गोष्ट फलकावर आल्याशिवाय घडलीच नाही असे मला वाटू लागले होते. पुढील हकिकत त्या समजुतीची आहे, आणि त्याहून अधिक प्राचीची आहे.

प्राची आणि तिचे यजमान निशांत हे दांपत्य गतवर्षी नाशिकहून इंदूरला आले व आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. निशांतची नोकरी पलासियाच्या एका कार्यालयात. सकाळी गेला की दिवेलागणीला परत. प्राची घरूनच संगणकावर काम करीत असे. जिन्यात भेटली की नम्रपणे हसे, बाजूला होऊन वाट देई, आणि दार लावून घेई. वसाहतीतील स्त्रियांचे मत असे पडले की मुलगी चांगली आहे, पण मिसळत नाही. तिचे मत काय होते ते मला पाडव्यानंतर समजले.

पाडवा झाल्यावर एके दिवशी ती फलकापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, चैत्रगौरीचे हळदीकुंकू करावयाचे आहे, येत्या शुक्रवारी सायंकाळी, सर्वांना बोलवायचे आहे, फलकावर लिहाल का? मी आनंदाने होकार दिला. मग ती खडूच्या पेटीकडे पाहत, जणू पेटीलाच सांगावे तशी बोलली,

"काका, वर्ष झालं, माझ्या घरात कुणी बसलंच नाही. निशांतला जूनमध्ये नाशिकला बदली मागता येते. मी त्याला सांगितलंय, एकदा हे घर भरलेलं बघते. नाहीच भरलं, तर अर्ज देऊन टाक."

ते ऐकून मी आमंत्रण लिहिण्यात कसर ठेवली नाही. 'वसंताच्या शीतल छायेत, आम्रफळाच्या मधुर आम्ल रसासह, समस्त भगिनीवर्गाने गौरीच्या दर्शनास अगत्य यावे', असा मजकूर पिवळ्या खडूने लिहून भोवती वेल काढली. प्राचीने त्याचे छायाचित्र घेऊन वसाहतीच्या फोनवरील गटातही पाठविले. संध्याकाळपर्यंत अनेक स्त्रियांनी थांबून ते वाचले. 'काय लिहिलं आहे बाबूरावजी, एकदम बढिया', असे वसुंधराताईंनी म्हटल्याने मला धन्यता वाटली.

शुक्रवारी दुपारपासून तिसऱ्या मजल्यावरून वेलदोड्याचा सुगंध जिन्यात उतरत होता. निशांत रजा घेऊन घरी राहिला होता. देपालपूरच्या एका परिचिताकडून त्याने कैऱ्यांची पिशवी आणविली होती. तोरणासाठी खिळा हवा म्हणून मला वर बोलावले, तेव्हा मी आरास पाहिली. पायऱ्यापायऱ्यांवर जरीची वस्त्रे, कलिंगडाचे कोरलेले कमळ, भिजविलेल्या हरभऱ्यांचे पातेले, पन्ह्याचा माठ, आणि मध्यभागी लहानशा पितळी झोपाळ्यावर अंगठ्याएवढी गौर. मूर्तीचे नाक झिजलेले होते. प्राचीने सांगितले की ही तिच्या आईची. आई दोन पावसाळ्यांपूर्वी वारली. भावाच्या घरी मांडणारे कोणी नव्हते, म्हणून तिने ती आपल्याबरोबर आणली. झोपाळा थांबवून तिने गौर नीट बसविली. आईचे पाहून सर्व केले आहे, पण आपण एकटीने कधी मांडली नव्हती, असे ती म्हणाली.

पाच वाजता तिने दार सताड उघडे ठेवले. मी खाली फलकाजवळच्या बाकावर येऊन बसलो. साडेपाच झाले. जिन्याने कोणीही चढले नाही. दूधवाला तेवढा येऊन गेला. सहा वाजता प्राची सज्ज्यात आली, खाली डोकावली आणि आत गेली. थोड्या वेळाने निशांत खाली उतरला. त्याने फलक वाचला. वार बरोबर होता, वेळ बरोबर होती.

"बाबूराव काका, लोक वाचतात ना हे?" त्याने विचारले.

वाचतात, असे मी म्हणालो, पण माझाच स्वर मला परका वाटला. तो म्हणाला, आंब्याची डाळ खूप केली आहे, उद्यापर्यंत टिकायची नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ती आत बसून नुसती निरांजनात तूप घालते आहे. मग तो परत जिना चढू लागला. त्याच्या पावलांचा तो संथ आवाज ऐकून मला बाकावर बसवेना.

वसाहतीत कोणतेही शुभकार्य अंबिकाकाकूंना विचारल्याशिवाय होत नाही. त्यांचे यजमान रेल्वेत होते. त्या स्वतः वसाहतीत सर्वांच्या आधी राहावयास आल्या. मी त्यांच्या तळमजल्यावरील घरी गेलो आणि अंगणात पाऊल टाकताच थबकलो. तेथे वसाहतीतील सर्व स्त्रिया बसल्या होत्या. कोणी पैठणी नेसलेली, कोणी महेश्वरी. केसांत मोगऱ्याचे गजरे, कपाळी ताजे कुंकू, हातांत रुमाल. सुनीताने तर नवी चप्पल घातली होती आणि त्या चपलेने टाच चावल्यामुळे ती पाय वर घेऊन बसली होती. सर्व जणी तयार होत्या आणि एकही हलत नव्हती.

मी विचारले की वर गौर मांडून ती मुलगी वाट पाहत आहे आणि आपण येथे कशा? यावर अंबिकाकाकूंनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की मला शाळेतील बाक आठवले.

"आम्ही पण वाटच बघतोय ना. चार वाजल्यापासून. बोलवायला येईल म्हणून."

मी म्हणालो, आमंत्रण तर फलकावर केव्हाचे लिहिले आहे.

"फलकावर तुम्ही नळाला पाणी कधी येणार ते पण लिहिता, बाबूरावजी. मग काय नळाचं बोलावणं आलं समजून ताट घेऊन जायचं?"

सगळ्या हसल्या. वसुंधराताईंनी मला नीट समजावून सांगितले. हळदीकुंकवाला घरच्या बाईने करंडा घेऊन दारोदार यावयाचे असते, कपाळाला कुंकू लावून 'या हं' म्हणावयाचे असते. तेच बोलावणे. बाकी जे लिहिले जाते ती बातमी. बातमी वाचून कोणी कोणाच्या घरी जेवायला बसत नाही. कालपासून प्रत्येकीचे कान आपापल्या दाराकडे लागले होते. शेवटी एकमेकींना विचारून, कोणाकडेच आली नाही हे कळल्यावर, अंबिकाकाकूंच्या अंगणात जमून वाट पाहू असे ठरले. माझी पत्नी हयात असती तर तिने मला हे एका वाक्यात सांगितले असते. पुरुषाच्या कपाळी कोणी असे कुंकू लावीत नाही, त्यामुळे हा नियम मला आयुष्यभर शेजारून जाऊनही दिसला नव्हता.

मी म्हणालो, मग मीच तिच्या वतीने बोलावतो.

"करंडा आणलात का?" सुनीताने विचारले. "दाढी करून आला असतात तरी चाललं असतं."

पुन्हा हशा झाला. मी मात्र हसलो नाही. तिला आत्ता खाली पाठवितो, असे मी म्हणालो. त्यावर अंबिकाकाकूंनी नकारार्थी मान हलविली. दिवा लावलेला, गौर बसलेली, घरात दुसरी बाई नाही. गौरीला एकटी टाकून ती कशी उतरेल? आणि आता रडवेल्या तोंडाने दारोदार फिरली तर ते बोलावणे कसले? त्या हट्टाने बोलत नव्हत्या. त्यांनाही जावयाचे होते आणि वाट सापडत नव्हती, हे मला त्यांच्या आवाजावरून कळले.

"तिला घरात सांगणारं कुणी नाही का?" त्यांनी विचारले. "सासू?"

मी सांगितले, सासूबाई आजारी असतात, प्रवास करीत नाहीत. आई वारली. ही गौर आईचीच आहे.

अंबिकाकाकूंनी खाली पाहिले. गजऱ्यातले एक फूल निसटले होते, ते त्यांनी उचलून पुन्हा खोचले.

"म्हणजे गौर माहेरी आलीय," त्या म्हणाल्या, "आणि माहेरात आई नाही."

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"चला ग. गल्लीत कुणाची लेक माहेरी आली तर आपण काय बोलावण्याची वाट बघतो का? आपण तर दुसऱ्या दिवशी जाऊन बसतो. उठ सुनीता, चप्पल काढ, अनवाणी चल."

वसुंधराताईंनी कुंकवाच्या मानाचे काय, असे हळूच विचारले. अंबिकाकाकू म्हणाल्या, त्याबद्दल तिच्याशी नंतर भांडू, ओळख झाल्यावर.

मी मागोमाग जिना चढलो. प्राची स्वयंपाकघरात डाळीच्या पातेल्यावर झाकण ठेवीत होती. दारात एवढ्या साड्यांची सळसळ ऐकून ती बाहेर आली आणि झाकण हातात घेऊनच उभी राहिली. अंबिकाकाकू तिच्याकडे न पाहता सरळ झोपाळ्यापाशी गेल्या, खाली बसल्या आणि गौरीला एक झोका दिला. नाक झिजलंय बाईचं, किती पिढ्यांची आहे, असे त्यांनी विचारले. आजीच्या आईची, असे प्राची कसेबसे म्हणाली.

पुरुषांचे तेथे काम नव्हते. निशांत आणि मी जिन्याच्या पायरीवर पन्ह्याचे पेले घेऊन बसलो. आतले सर्व ऐकू येत होते. डाळ वाटली गेली. सुनीताने यावर शेव नाही का, असे विचारले. आंब्याच्या डाळीवर शेव? प्राचीच्या आवाजात असा धक्का होता की आत एकच हशा उसळला. कोणीतरी खाली जाऊन शेवेचा डबा घेऊन आले. थोड्या वेळाने प्राचीने कबूल केले की वाईट लागत नाही. निशांतने पेला खाली ठेवला. सकाळपासून तिचा हा आवाज ऐकला नव्हता, असे तो मला म्हणाला.

मग अंबिकाकाकूंनी तिला समजावून सांगितले. त्या रागावल्या नाहीत.

"बेटा, कुंकू घेऊन दारात यायचं असतं. आम्ही दुपारपासून नटून बसलोय तुझ्यासाठी."

"मला वाटलं, फलकावर लिहिलं म्हणजे..."

"फलक बाबूरावजींचा आहे. गौर तुझी आहे."

त्यानंतर प्राची पाणी आणावयास स्वयंपाकघरात गेली आणि लवकर परतली नाही. अंबिकाकाकू तिच्यामागे गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. तेथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी मी लिहिले नसते. दोघी बाहेर आल्या तेव्हा प्राचीच्या हातात करंडा होता. तिने प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावले, चंदन लावून गुलाबपाणी शिंपडले, भिजल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. घर इतके भरले होते की वसुंधराताई दाराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

निघताना अंबिकाकाकूंनी पातेल्यात डोकावून पाहिले. डाळ अजून पुष्कळ उरली होती. पंचवीस माणसांना एवढी करतात होय, असे म्हणून त्यांनी ती सर्व जणींच्या डब्यांत वाटून दिली. मग पायऱ्या उतरता उतरता थांबून म्हणाल्या, अंदाज नसेल तर आधी विचारावं माणसाने.

प्राची दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने एकदा निशांतकडे पाहिले.

"पुढच्या वर्षी डाळ भिजवण्याआधी तुमच्याकडे येईन, काकू," ती म्हणाली. "आणि करंडा घेऊन तर त्याच्याही आदल्या दिवशी."