सोसायटीच्या भिंतीवरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यापुढं एकही मूल कधी पाढे म्हणायला बसलं नाही. साताऱ्याच्या एका सुतारानं मला आंब्याच्या फळ्या जोडून घडवलं, काळा रंग दिला आणि पाटण रस्त्यावरच्या एका गावात, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या भिंतीवर मला टांगण्यात आलं. ज्यांचं कर्ज मुदतीत फिटलं नाही, त्यांची नावं सचिव माझ्यावर खडूनं लिहीत.

पहिल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला. पुढं मात्र गावानं माझ्याकडं बघायचंच सोडलं. माझ्यापुढं कुणी क्षणभर थांबला की समोरच्या चहाच्या टपरीवरून शेरा येई, ह्याचंबी थकलेलं दिसतंय. म्हणून कर्ज थकलेला माणूस मान खाली घालून जाई आणि ज्याचं देणं नाही तो मान वर करून जाई. वाचायचा कुणीच नाही. मी मनात दोन रकाने मांडले होते, लाजणारे आणि मिरवणारे. माझ्या दृष्टीनं दोन्हींची बेरीज सारखीच.

मिरवणाऱ्यांत पहिलं नाव सुभेदार हिंदुरावांचं. फौजेतली नोकरी संपवून ते १९७४ साली गावी परतले. आपण कुणाचं एक पैसाही देणं लागत नाही, हे ते रामराम घालता घालताच सांगून टाकत. ते पलटणीत असताना त्यांची शेती आणि सोसायटीचं पासबुक चुलतभाऊ आप्पासो सांभाळत होते. आप्पासो सोसायटीचे पंच, म्हणजे कर्ज मंजूर करणाऱ्यांतले एक, आणि सुभेदारांच्या नावाचे कागदही त्यांच्याच हाती पडत. परतल्यावरही सुभेदारांनी पासबुक मागितलं नाही. मागितलं तर भाऊ रुसेल, हा हिशेब.

आणि इकडं माझ्या अंगावर हिंदुरावांचंच नाव चढलं होतं. रोज सकाळी ते काठी वाजवत माझ्यासमोरून जात, नजर थेट देवळाच्या कळसावर. मला वाटे, खिळ्यावरून निसटावं आणि त्यांच्या पायांत जाऊन पडावं. चैन पडत नव्हतं. वारा आला की मी भिंतीवर धडधड आपटत राही, आणि सचिव म्हणत, खिळा सैल झाला वाटतं.

टपरीवरच्या गप्पांतून मला घराघरातलं कळे. तेव्हा सुभेदारांच्या अंजनाचं लग्न जमवायचं चाललं होतं. पाहुणे येत, चहापोहे घेत, मुलगी चांगली आहे म्हणत आणि पुन्हा फिरकत नसत. तिच्या आईला, शालूबाईंना, वाटे पोरीच्या रंगामुळं होतंय. त्या तिच्या तोंडाला हळद चोळत. मग सांगलीचं, विश्रामबागचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात कारकून. अंजनाला तो मनापासून आवडला. निरोप धाडतो म्हणून तेही गेले ते गेलेच. कारण मला ठाऊक होतं. पाहुणे एस.टी.तून उतरले की आधी माझ्यापुढं येत, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत आणि मुलीच्या बापाचं नाव शोधत. परगावच्या माणसाला इथं लाज कसली?

शेवटी शालूबाईंनी मध्यस्थ नाथाजीला खोदून खोदून विचारलं. तो पायताण चढवता चढवता म्हणाला, "वयनी, मला कशाला इचारता? सोसायटीच्या फळ्याला इचारा."

सुभेदार काही उठले नाहीत. आपलं नाव तिथं कशाला असेल, आणि आपण तिथं उभे राहिलो तर गाव काय म्हणेल, एवढंच म्हणत राहिले. आली ती अंजना. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. टपरीवरून कुणीतरी हाळी दिली, "काय गं अंजे, तू कवा कर्ज काढलंस?" तिनं मागं बघितलं नाही. बोट फिरवत एकेक ओळ वाचत आली आणि बापाच्या नावावर थांबली. खडूनं पांढरं झालेलं तेच बोट तिनं घरी जाऊन बापापुढं धरलं. "आबा, ही तुमच्या नावाची भुकटी हाय."

सुभेदार आले. सचिवांनी कागद काढून दाखवला. सुभेदार परतण्याआधीचं साल, विहिरीवरच्या इंजिनासाठी कर्ज, आणि खाली अंगठा. सुभेदारांनी त्या ठशावर बोट टेकवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मी सही करतो. पलटणीत शिकलोय. आन् त्या साली मी सरहद्दीवर हुतो. मग ह्यो अंगठा कुणाचा?"

शेजारी बसलेले आप्पासो पायातली चप्पल बघत होते. अंगठा त्यांच्या गड्याचा निघाला, आणि इंजिन त्यांच्याच विहिरीवर धडधडत होतं. ते विकून त्यांनी कर्ज भरलं, पंचपदही गेलं. ओल्या फडक्याच्या एका हातासरशी माझ्यावरचं ते नाव पुसलं गेलं.

सुभेदार तडक विश्रामबागला गेले. तिथं मुलाचा साखरपुडा दुसरीकडं उरकला होता. मुलाचे वडील पाणी देत म्हणाले, "फसवणूक झाली हे पटलं, सुभेदार. पण आम्ही दोन घटका गावात होतो तर आम्हाला दिसलं. तुम्ही तर तिथंच राहता." सुभेदार तांब्या खाली ठेवून उठले. अंजना त्या दिवशी जेवली नाही, असं शालूबाई पुढं शेजारणीला सांगत होत्या.

त्यानंतर दर महिन्याला सुभेदार माझ्यापुढं येऊन उभे राहू लागले. टपरीवरून विचारणा होई, सुभेदार, किती थकलं? ते शांतपणे सांगत, "काय न्हाई. तेच बगाय आलोय." पुढच्या साली कराडचं स्थळ आलं, तेव्हा पाहुण्यांना त्यांनी स्टँडवरून थेट माझ्याकडं आणलं. "आदी ह्ये नीट वाचा. मग चहा." पाहुण्यांनी वाचलं, आणि त्याच बैठकीत अंजनाचं लग्न ठरलं.

आता मी गोदामात खताच्या पोत्यांमागं पडून आहे. रंगाचे पोपडे उडालेत. नावं आता कुठल्यातरी कपाटातल्या वहीत, बंद दाराआड लिहिली जातात म्हणे, आणि माझा जीव पुन्हा खालीवर होतो. मित्रांनो, ज्याचं काही थकलंय त्याला आपलं नाव कुठं आहे ते माहीत असतं. ज्याची खात्री आहे की आपलं नाव कुठंच नाही, त्यानं मात्र अधूनमधून जाऊन, मागून घेऊन, बघावं. मला सगळं ठाऊक होतं, पण बोलता येत नव्हतं. तुम्हाला तर वाचता येतं.